छोट्या चौरंगावर कोण बसायचं? भातुकलीचे संग्रह पुरावा म्हणून वाचताना

पेटची तयारी करणाऱ्या दोघीतिघींनी या वर्षी मला साधारण एकच विषय सांगितला. शब्द वेगवेगळे होते, पण मुद्दा असा: जुन्या भातुकलीचे संग्रह बघायचे आणि त्यावरून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं मराठी घर कसं होतं ते लिहायचं. विषय छान आहे. वस्तू डोळ्यांना सुखावणाऱ्या, प्रदर्शनं गर्दीची, आणि गाईडलाही लगेच आवडेल असा. अडचण एवढीच की या विषयाच्या पोटात एक वाक्य आधीच गृहीत धरलेलं असतं. ते फलकांवर आणि पुरवण्यांतल्या लेखांत इतक्या वेळा येतं की आपण त्याला प्रश्नच विचारत नाही: भातुकली म्हणजे जुन्या संसाराची हुबेहूब छोटी प्रतिकृती.

आजचा लेख या एका वाक्याची उलटतपासणी आहे. व्हायवाला बाहेरचे परीक्षक ती करणारच आहेत, तर आपण आधी करून घेऊ.

आधी श्रेय

टीका करायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. संग्राहक नसते तर बोलायला वस्तूच उरल्या नसत्या. पुण्यातले दिनकर केळकर चष्म्यांचं दुकान चालवायचे आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. 1920 च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली ती दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंची. संग्रहालय म्हटलं की मूर्ती, नाणी आणि तलवारी, अशा काळात अडकित्ता जपून ठेवावा असं वाटणं हीच मोठी गोष्ट होती. वीस हजारांवर वस्तूंचं राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यातून उभं राहिलं. भातुकलीच्या बाबतीत पुण्याच्याच विलास करंदीकरांचं नाव घ्यावं लागेल. त्यांनी भातुकलीचा मोठा संग्रह केला आणि प्रदर्शनांतून तो लोकांपर्यंत नेला.

म्हणजे माझी तक्रार संग्राहकांबद्दल नाही. संग्राहक आवडीने जमवतो, तो त्याचा हक्क आहे. तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण त्याची आवड उचलतो आणि तिला थेट 'डेटा' म्हणतो.

घर असलेलं खेळणं आणि घर नसलेलं खेळणं

या विषयावर इंग्रजीत वाचायला गेलात की सगळं साहित्य डॉलहाऊसचं मिळेल. मग प्रपोजलमध्ये 'भातुकली, म्हणजेच भारतीय डॉलहाऊस' असं एक वाक्य येतं आणि तिथून तुलना घसरायला लागते.

युरोपातलं सगळ्यात जुनं माहीत असलेलं बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेश्ट याने 1558 च्या सुमारास करवून घेतलं. ते आज अस्तित्वात नाही. पण 1598 साली त्याच्या संग्रहाची यादी झाली होती, म्हणून ते कसं होतं हे आपल्याला कळतं. दुसरं उदाहरण ॲमस्टरडॅमच्या रैक्सम्युझियममधलं. पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत बाईने 1686 ते 1710 या काळात एका कपाटात पूर्ण घर सजवलं. त्यातल्या बाहुल्या आता जवळजवळ नाहीत. पण याकोब ॲपेल नावाच्या चित्रकाराने त्या काळातच या कपाटाचं चित्र काढून ठेवलं, त्यात बाहुल्या जागच्या जागी दिसतात.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे ही बाहुलीघरं मुलांची खेळणी नव्हती, मोठ्या माणसांचे हौशी संग्रह होते. दुसरी आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. तिथे वस्तू हरवली तरी यादी उरली, बाहुली हरवली तरी चित्र उरलं. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं. वस्तू हातात आहे, पण ती कुठल्या घरात, कुणाजवळ, कशाच्या शेजारी होती हे लिहिलेलं नाही.

शिवाय भातुकलीला भिंती नसतात. ती डब्यात, पिशवीत नाहीतर फडक्याच्या गाठोड्यात असायची. दुपारी ओटीवर मांडायची, संध्याकाळी गोळा करायची. घर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्या दिवशी खेळणाऱ्या मुली ठरवायच्या. मापही एक नाही. परदेशी संग्राहकांमध्ये एका फुटाला एक इंच हे माप रूढ आहे, त्यामुळे खुर्ची आणि टेबल एकमेकांना शोभतात. आपल्या जुन्या भातुकलीत पळी घागरीपेक्षा लांब आणि जातं चुलीच्या दुप्पट असू शकतं. एक वस्तू जत्रेतली, एक आत्याने दिलेली, एक कुठल्याशा तांबटाकडून करून घेतलेली. हा विजोडपणा म्हणजे तो संच कसा वाढत गेला याचा पुरावा आहे. आणि प्रदर्शनात नेमका तोच जातो. सारख्या मापाच्या वस्तू निवडून एक देखणं स्वयंपाकघर मांडलं जातं. बघणाऱ्याला वाटतं जुनं घर असं होतं. प्रत्यक्षात ती मांडणी आजची आहे.

सुझन स्टुअर्ट यांचं 'ऑन लॉंगिंग' हे 1984 चं पुस्तक या क्षेत्रात सगळेच उद्धृत करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की संग्रहात वस्तूचा स्वतःचा इतिहास मागे पडतो आणि तिची जागा वर्गीकरण घेतं. आणि बाहुलीघराच्या मुळाशी श्रीमंती आणि गतकाळाची ओढ या दोन गोष्टी असतात. पहिला भाग आपल्याला चपखल लागू पडतो. दुसरा जपून वापरा. ते विवेचन भिंतींच्या आतल्या, बंद, पूर्ण घराबद्दल आहे. ओटीवर रोज मोडणाऱ्या घराला ते जसंच्या तसं लावलं तर सिद्धांत बरोबर आणि उदाहरण चूक अशी गत होते.

लहान म्हणजे खेळणं?

आता शीर्षकातल्या चौरंगाकडे येऊ. डॉलहाऊसच्या संग्राहकांचा जीव फर्निचरमध्ये असतो: पलंग, कपाटं, खुर्च्या. मराठी भातुकलीत फर्निचर अगदी थोडं, कारण खऱ्या घरातच ते थोडं होतं. जेवण पाटावर, झोपणं बहुतेकांचं जमिनीवर. त्यामुळे छोट्या लाकडी किंवा पितळी वस्तूंत पाट, चौरंग, पाळणा, झोपाळा, क्वचित पलंग एवढंच सापडतं. टेबल-खुर्ची दिसली तर ती कुठल्या काळातल्या, कुठल्या थरातल्या घरातून आली हे आधी विचारा.

पण खरी गोम वेगळी आहे. तीन इंचांचा पितळी पाळणा हातात आला तर तो बाहुलीचा कशावरून? जन्माष्टमीला बाळकृष्णाला त्याच मापाच्या पाळण्यात घालतात. देव्हाऱ्यात देवांना चौरंग असतो, सिंहासन असतं, काही घरांत झोपाळाही असतो. चैत्रगौरीच्या आराशीत खेळणी मांडायची पद्धत आहे, म्हणजे तीच वस्तू वर्षभर खेळातली आणि चैत्रात देवीपुढची. रुखवतातही छोटी भांडी, छोटा संसार मांडतात, आणि तो खेळायला नसतोच, पाहुण्यांना दाखवायला असतो.

म्हणजे 'लहान वस्तू' या एका ढिगात निदान तीन घराणी आहेत: खेळातली, देवाची आणि रुखवताची. बाजारात आल्यावर तिन्ही एकाच टोपलीत पडतात आणि संग्रहात तिन्हींवर 'भातुकली' अशी चिठ्ठी लागते. एकच वस्तू एका घरात या तिन्ही भूमिका करत असेल, हीसुद्धा शक्यता आहे. आपला संशोधनाचा प्रश्न खरं तर इथे आहे, आणि फलक तो एका शब्दात मिटवून टाकतो.

हा घोळ फक्त भातुकलीचा नाही. नगर जिल्ह्यातल्या दैमाबादला 1974 मध्ये काशाच्या चार मोठ्या, जड प्रतिकृती सापडल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्या शास्त्रीय उत्खननाच्या थरांतून मिळाल्या नाहीत, खणताना गावकऱ्यांना मिळाल्या. म्हणून त्यांच्या काळाबद्दल आणि त्या कशासाठी होत्या याबद्दल अभ्यासकांत वाद झाले. इतक्या मोठ्या शोधाची ही अवस्था, तर जुन्या बाजारातून आणलेल्या पाळण्याचं काय!

काय टिकलं, काय फुटलं

आता सॅम्पलचा प्रश्न. कुठल्याही संग्रहात पितळ आणि तांबं सगळ्यात जास्त दिसेल. यावरून 'मुली पितळेच्या भातुकलीने खेळत' असं लिहाल तर फसाल. पितळ टिकतं म्हणून ते दिसतं. कुंभाराकडची मातीची बोळकी लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे भरून यायची, मग मुलांच्या हाती पडायची आणि बहुधा पुढच्या दिवाळीपर्यंत फुटून जायची. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत, पण रंग उडालेला पोळपाट कोण जपतं? आणि करवंटीची परात, विटेच्या तुकड्यांची चूल, पानांची भाजी, वाळूचा भात ही तर खेळ संपताच नाहीशी होणारी भातुकली. ती कुठल्याच कपाटात येणार नाही.

पितळसुद्धा सगळं टिकलं नाही. मोडीत काढणं हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण जुनं भांडं वजनावर देऊन नवं घेणं ही घराघरातली नेहमीची गोष्ट होती. स्टीलची भांडी आली तेव्हा कितीतरी पितळ असं गेलं. ज्या घराला त्या चार पैशांची गरज होती त्याची भातुकलीही मोडीत गेली असणार. ज्या घरात माळा होता, माळ्यावर पेटी होती आणि विकायची घाई नव्हती, त्याची राहिली. म्हणजे संग्रहात 'मराठी घर' दिसत नाही. माळा असलेलं मराठी घर दिसतं. जात आणि वर्ग या गाळणीतून वस्तू आधीच गाळून आलेल्या असतात, संग्राहकाच्या निवडीच्या कितीतरी आधी.

मी कळंबोलीत राहते. सिडकोने वसवलेलं गाव, लोखंड बाजार, एक्स्प्रेसवेचं तोंड. वाडे नाहीत, माळे नाहीत. इथली बहुतेक घरं कुठून ना कुठून कामासाठी आलेली: घाटावरची, कोकणातली, मराठवाड्यातली, राज्याबाहेरची. लहान खोल्यांत सामान हलवताना सगळ्यात आधी काय टाकलं जातं? मुलांची खेळणी. अशा वस्तीतून संग्रहालयात काहीच जात नाही. पण इथल्या आज्यांना विचारलं की चिखलाच्या चुलीपासून फुटक्या कौलाच्या तव्यापर्यंत सगळं निघतं. वस्तू नाही, आठवण आहे. तीसुद्धा पुरावाच आहे, फक्त वेगळ्या प्रकारचा, आणि तिच्या तपासणीच्या पद्धती वेगळ्या.

तारीख कशी तपासायची

संग्रहांत 'शंभर वर्षांपूर्वीची' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. त्याला एक कारणही आहे. आपल्या 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यात सर्वसाधारणपणे शंभर वर्षं हीच सीमारेषा आहे, आणि बाजारात शंभरी ओलांडलेल्या वस्तूला भाव वेगळा. म्हणून आकडा ऐकला की वस्तूलाच विचारायचं: तू याच्या आधीची असूच शकत नाहीस, अशी तारीख कुठली?

छोटा पितळी पंपाचा स्टोव्ह बऱ्याच भातुकल्यांमध्ये असतो. खरा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये 1892 साली आला. त्यामुळे त्याची नक्कल त्याआधीची नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरात तो रुळायला लागलेला वेळ धरला तर बरीच नंतरची. ॲल्युमिनियमची भांडी भारतात बनायला लागली ती मद्रासमध्ये, 1898 च्या सुमारास, आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने. स्टेनलेस स्टील तर विसाव्या शतकातलंच. मात्र ही पद्धत एकाच बाजूने चालते. प्रायमस तारखेची सर्वांत आधीची सीमा सांगतो. पण चूल, जातं, पाटा-वरवंटा यांची घडण शतकानुशतकं तशीच राहिली, म्हणून नुसत्या आकारावरून छोट्या जात्याची तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नोंदींमधला एक सापळा खास मराठी आहे. जुन्या यादीत 'जर्मन पातेलं' असं लिहिलेलं असेल तर ते जर्मनीहून आलं असं समजू नका. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सर्रास जर्मनची किंवा जर्मलची भांडी म्हणतात. त्यात जर्मन सिल्व्हर हा तिसराच मिश्रधातू. आणि खेळणी खरोखरच्या जर्मनीतही बनत. एका शब्दाचे तीन अर्थ, आणि प्रत्येकाने निष्कर्ष बदलतो. यादी टाईप करताना 'जर्मन' हा शब्द जसाच्या तसा ठेवा, अर्थ वेगळ्या रकान्यात लिहा.

कल्हई आणि चकाकी

ज्या गोष्टीचं मला सगळ्यात वाईट वाटतं ती ही. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो, हे घरातल्या मोठ्यांना माहीत असतं. म्हणून छोट्या पातेल्याच्या आत कल्हई आहे का, हा साधा प्रश्न खूप काही सांगतो. असेल, तर त्यात खरंच काही शिजवून खायचा बेत असावा. किंवा तांबटाने सवयीने मोठ्या भांड्यासारखीच ती पुरी केली असावी. बुडाला काजळी असेल, तर ते चुलीवर चढलं होतं. काठ झिजला असेल, तर ते हाताळलं गेलं. यातलं काहीच नसेल आणि वस्तू कोरी करकरीत असेल, तर ती रुखवतातली किंवा कपाटातली असण्याची शक्यता वाढते.

आणि आपण काय करतो? प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळं चिंच, लिंबू, पावडर लावून लखलखीत घासतो. फोटो उत्तम येतात. काजळी, कल्हईचे उरलेले डाग, हाताचं झिजणं, सगळं नळाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. एखाद्या संग्राहकाशी ओळख झाली तर पहिली विनंती एवढीच करा: निदान काही वस्तू न घासता ठेवा, आणि घासायच्या आधी बुडाचा फोटो काढा.

'संसाराचे धडे' हा दावा

शेवटचा मुद्दा, आणि जेंडरवर काम करणाऱ्यांना सर्वांत मोहात पाडणारा. भातुकली म्हणजे मुलींना संसाराचं प्रशिक्षण, असं एका झटक्यात लिहिलं जातं. कधी कौतुकाने, कधी रागाने. दोन्ही बाजूंना पुरावा तोच: वस्तू. पण वस्तूवरून फार तर देणाऱ्याची अपेक्षा कळते. घेणारीने तिचं काय केलं ते कळत नाही. लाटण्याची तलवार झाली असेल, चुलीवर औषधं शिजली असतील, भाऊ स्वयंपाक करून बहीण कचेरीत गेली असेल.

काळाचाही प्रश्न आहे. 'पुढच्या आयुष्याची तयारी' म्हणायला आधी बालपण आणि मग लग्न असा क्रम लागतो. मुलींचं लग्नाचं किमान वय 14 करणारा सारडा कायदा 1929 चा. त्याआधी आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी एकाच वयात भातुकलीही खेळत होती आणि सासरीही जाऊन येत होती. तिच्यासाठी खेळ ही तयारी होती, सुटका होती की दोन्ही? आणि ज्या घरात आठ वर्षांची मुलगी खरंच पाणी भरत होती, भाकरी थापत होती, तिला छोट्या तव्याची शिकवणी कशाला हवी?

याचं उत्तर कपाटात नाही. ते आत्मकथनांत शोधावं लागेल. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' शेजारी शेजारी ठेवून, फक्त बालपणाची पानं खेळ आणि काम या दोन रंगांनी अधोरेखित करून वाचा. दोन घरांतलं अंतर किती आहे ते दिसेल, आणि 'मराठी घर' हा एकवचनी शब्द लिहिताना पेन थांबेल.

मग विषय सोडायचा का?

अजिबात नाही. फक्त प्रश्न फिरवायचा. 'भातुकलीतून दिसणारं मराठी घर' याऐवजी 'भातुकलीच्या संग्रहांत काय जमलं, काय गळलं आणि का' असा विषय घ्या. संग्रह हा आरसा न मानता तोच अभ्यासाचा विषय माना. मग प्रत्येक उणीव ही तुमची अडचण न राहता तुमचा निष्कर्ष होते.

कामाला लागताना प्रत्येक वस्तूसाठी पाच रकाने करा:

1. वस्तू कशाची, केवढी, किती वजनाची. बूड आणि आतली बाजू कशी.
2. संग्राहकाला ती कधी, कुठे, कुणाकडून मिळाली. विकत, भेट की मोडीतून.
3. मूळ घरात तिला काय म्हणत. शब्द त्यांचाच ठेवा.
4. तिच्याबरोबर आणखी काय आलं.
5. तारखेचा दावा कुणाचा आणि कशावरून.

दुसरा आणि चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील. रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका. आणि संग्रहाबरोबरच आपल्या इमारतीत वेगवेगळ्या भागांतून आलेल्या पाच वयस्कर बायकांना तीन प्रश्न विचारा: तुमची भातुकली कशाची होती, कुणी दिली होती, आणि ती शेवटी गेली कुठे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच फलकावर नसतं.

एक घाई मात्र खरी आहे. दुसऱ्या रकान्यातली माहिती आज बहुतेक ठिकाणी कागदावर नाही, संग्राहकांच्या डोक्यात आहे. कुठला पाळणा कुणाच्या माळ्यावरून उतरला, कुठली परात कुणी रडत रडत दिली, हे त्यांना अजून आठवतं. त्यांतले बरेचजण सत्तरी-ऐंशीत आहेत. पितळ आणखी शंभर वर्षं टिकेल. त्यामुळे प्रपोजल मंजूर व्हायची वाट बघू नका, फोन करून वेळ घ्या आणि रेकॉर्डर घेऊन जा. वस्तूंचे फोटो दुसऱ्या फेरीला काढले तरी चालतील.